दोन्ही बाह्या उजव्या

सगळ्यात आधी स्वतःचं वय पाहा. 'इंडियास्किल्स' या स्पर्धेत फॅशन टेक्नॉलॉजी असा एक प्रकार असतो. त्यात निवड झालेली मुलं पुढं दर दोन वर्षांनी होणाऱ्या 'वर्ल्डस्किल्स'ला जातात. 2024 ला ती फ्रान्समधल्या ल्यॉनला झाली, 2026 चं ठिकाण शांघाय. स्पर्धेच्या वर्षी वय 22 च्या वर नको, म्हणजे शांघायसाठी जन्म 1 जानेवारी 2004 किंवा त्यानंतरचा हवा. तीस वर्षं ब्लाउज शिवणाऱ्या माझ्यासारखीला तिथं प्रवेश नाही. तिला प्रवेश असतो तो स्पर्धेच्या आदल्या रात्री, तुमच्या घरी, बाही उसवायला.

मग फॉर्म. तो स्किल इंडिया डिजिटल हबवर भरायचा. जिल्हा निवडताना 'अहिल्यानगर' शोधा. आधारकार्डावर 'अहमदनगर' असेल आणि घरातले सगळे नुसतं 'नगर' म्हणत असतील, तरी घाबरू नका, तुम्ही एकाच गावचे आहात. आयटीआयला सुइंग टेक्नॉलॉजी किंवा ड्रेस मेकिंगला असाल तर सरच भरून देतील. नसाल तर सायबर कॅफेवाल्या दादाला 'फॅशन' हा शब्द हळू आवाजात सांगा. मागं रांगेत कांदा अनुदानाच्या कामाला आलेले काका उभे असतात. त्यांना वाटतं, पोरगी मॉडेल होणार.

आता कापड. त्यासाठी नगरच्या कापडबाजारात जायचं आणि तोंड उघडताच रंग न सांगता पन्हा विचारायचा. पन्हा न विचारता अडीच मीटर फाडून आणणारी मुलगी मी पाहिली आहे. मीच ती. 44 इंची समजून 36 इंची आणलं. पाठ निघाली, पुढचा भाग निघाला, बाह्यांपाशी कापड संपलं. कॉलेजच्या स्पर्धेत मी परीक्षकांना शांतपणे सांगितलं, स्लीव्हलेस हीच माझी संकल्पना होती. परीक्षकबाई त्याहून शांतपणे म्हणाल्या, "मग मुंढ्याला बाहीच्या खुणा कशाला केल्यास गं?"

सुती कापड असेल तर बेतण्याआधी रात्रभर पाण्यात घाला. हे सगळ्यांना माहीत असतं. घालत कुणीच नाही.

संकल्पनेचं काय? नगर जिल्ह्यात हा प्रश्न निकालात निघाला आहे. दहातल्या आठ मुली अहिल्यादेवी निवडतात. चौंडी आपल्या जामखेड तालुक्यात, जन्म 31 मे 1725, जिल्ह्यालाच त्यांचं नाव, मग परीक्षक नाही कसं म्हणतील? पांढरी साडी, डोक्यावर पदर, हातात पिंड. तुम्हीही खुशाल निवडा, पण एक करा. कॅलेंडरवरचं चित्र बाजूला ठेवा आणि बाईंचं काम बघा. त्यांनी महेश्वरला विणकर वसवले, तिथं माहेश्वरी विणली जायला लागली, आणि त्या साडीचा काठ असा की उलट करा, सुलट करा, ती दोन्हीकडून नेसता येते. त्याला बुगडी म्हणतात. हा काठ ध्यानात ठेवा, पुढं लागेल. (उरलेल्या दोघी पैठणी निवडतात. येवला जवळ, पैठण जवळ. नगरही एकेकाळी लुगड्यांचं गाव होतं, पद्मशाली विणकरांचे माग इथं चालत, अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चिल साहेबांनी इथंच सुधारलेला हातमाग बनवला, हे कुणाच्या फायलीत येत नाही. नऊवारी सोडून काही सुचलंच तर हा विषय मोकळा आहे. घ्या.)

सराव. घरी आजीचं पायमशीन असतं, त्यावर पाय जोरात हलवला तरी टीप आपली बैलगाडीच्या चालीनं जाते. स्पर्धेत मोटरवालं कारखान्याचं मशीन असतं, मिनिटाला चार-पाच हजार टाके घालणारं. नवखी मुलगी सवयीनं पाय दाबते, आणि गळ्याची पट्टी, तिचं बोट आणि तिचा आत्मविश्वास एकदमच सुईखाली जातात. त्यामुळं आठ दिवस कापड न लावता, दोराही न ओवता, नुसत्या कागदावर रेघा आखून त्यावर मशीन चालवा. घरचे म्हणतील, पोरीला काय झालं. म्हणू द्या.

आता बाह्या. इथं जरा बसा. बाहीचा मुंढा पुढून जास्त खोल असतो, मागून कमी. कापडाची दुहेरी घडी घालून, सुलट बाजू आत ठेवून कापलं की एक डावी, एक उजवी आपोआप निघते. पण वेळ कमी, कापड कमी, म्हणून तुम्ही एकेरी कापडावर एकच कागद दोनदा ठेवता, पालथा करायचा विसरता, आणि कापता. दोन्ही बाह्या उजव्या. कापताना कळत नाही. टाचण्या लावताना कळत नाही. टीप मारून पुतळ्यावर चढवल्यावर डाव्या खांद्यापाशी चोळामोळा दिसतो. तुम्ही तो हातानं सारखा करता, तो परत येतो. पुन्हा सारखा करता. अशा वेळी पुढची पायरी: उसवणे. त्यानंतरची पायरी: पुन्हा उसवणे, कारण घाईत तुम्ही उजवीच काढलेली असते.

परीक्षक येतात तेव्हा पुतळ्यासमोर हसून उभं राहू नका, त्याला गुण नाहीत. ते आधी लांबून बघतात, मान डोलावतात, तुम्हाला वाटतं जमलं. मग कपडा पुतळ्यावरून उतरवून उलटा करतात. बाहेरून आरसे, लेस, टिकल्या, आणि आत लोंबणारे दोरे, कुठं अर्धा इंच तर कुठं दोन सूत मार्जिन, अस्तर पळालेलं, खणाच्या कापडाचे धागे सुटलेले. तिथं टेप लागतो. शिलाई सरळ आहे का, दोन्हीकडचे टक्स सारखे आहेत का, हे मोजून ठरतं, आवडीवर नाही. बुगडीचा काठ आठवायची वेळ हीच. घरी मात्र उलट्या बाजूला कुणी विचारत नाही, म्हणून आपल्याकडं ती शिवतच नाहीत, नुसती झाकतात.

एवढं करून नंबर आला, तर संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी जाते. दाराशी गर्दी होते. शेजारच्या काकू पेढा घेतात, प्रमाणपत्र हातात धरून वाचतात, आणि पिशवीतून दोन साड्या काढतात. "आता तुला येतंच आहे सगळं, तर एवढ्या फॉल-पिको करून दे बाई. उद्या राहुरीला लग्न आहे."

नाही म्हणू नका. फॉल मॅचिंग बघून घ्या, आणि लावायच्या आधी पाण्यातून काढा.