खोगीर आणि खोगीरभरती

महायुद्धपूर्व विलायती मोटारसायकलची सीट, म्हणजे लोखंडी सांगाड्यावर व स्प्रिंगांवर ताणून बसवलेले जाड कातडे, नव्याने बांधणारा कारागीर ठाणे ते कल्याण-डोंबिवली शोधू लागल्यास सीटकव्हरवाले रेक्झिन, अर्थात लेप दिलेले कापडी नकली चामडे, ‘ओरिजिनलपेक्षा भारी’ म्हणून पुढे करतात (रेक्झिनही मूळचे विलायतीच, हा भाग निराळा). असे जाड कातडे, हिरड्यात व बाभळीच्या सालीत कमावलेले, कोल्हापुरी चपलेलाही लागते. परंतु 2015 पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आल्याने त्याची आवक आटली. इंग्लंडहून कार्बोरेटर मागवताना दराबद्दल चकार शब्द न काढणारा हौशी मालक स्टेशनबाहेरच्या चर्मकाराशी मात्र शिलाईच्या पन्नास रुपयांवरून हुज्जत घालतो, आणि चर्मकाराचा मुलगा या धंद्यात का उतरला नाही, याबद्दल मनापासून हळहळतो.