सरबत, आसव आणि आमचा भाचा

रेवदंड्यात काय पिकत नाही, एवढंच विचारावं. उत्तर लवकर संपतं. नारळ आहे, सुपारी आहे, आंबा-फणस आहे, डोंगराच्या अंगाला जांभूळ-करवंद आहे. पोर्तुगीज इथे दोनशे वर्षांहून जास्त राहिले आणि 1740 साली गेले. किल्ला उचलून नेता येईना म्हणून ठेवून गेले. त्यांच्या जहाजांतून हिंदुस्थानात आलेले काजू, अननस आणि पेरूही राहिले. नाही ते फक्त द्राक्ष. पावसाळ्यात कुंडलिकेच्या मुखाशी अशी हवा असते की कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी चढते. तिथे द्राक्षवेलीने कोणाच्या तोंडाकडे बघून तग धरावा?

आणि घरी वाईन करायचा विचार आमच्या भाच्याला सुचला तो नेमका इथेच. तो पुण्यात नोकरी करतो. नाशिकला कुठलासा वाईनचा कारखाना बघून आला आणि तेव्हापासून पन्हंसुद्धा पेला गोल फिरवून, नाक खुपसून, डोळे मिटून पितो. माझ्या आत्याला वाटलं, पन्ह्यात केस सापडला.

"मामा, वाईन पिंपात होत नाही, मळ्यात होते," तो म्हणाला. "सगळा खेळ जातीचा आहे."

"या घरात जातीचं बोलायचं नाही," आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली.

मी पंचायत समितीत कारकुनी करून निवृत्त झालो आहे, त्यामुळे कोणत्याही कामातला आधी कलम शोधण्याचा भाग मला आवडतो. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949. त्यात परवान्याशिवाय दारू बनवायला मनाई आहे, आणि आपली बरणी माडीवर ठेवली म्हणून ती मनाई खालच्या मजल्यावर थांबत नाही. मी भाच्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "मग आपण फक्त फळ निवडू. निवडायला परवाना लागत नाही ना?" लागत नाही. अशा रीतीने आमच्या ओटीवर वाईनचा फक्त पहिला अध्याय सुरू झाला आणि तो इतका रंगला की पुढच्या अध्यायांची कोणाला आठवणच झाली नाही.

फेब्रुवारीत घाटावरून द्राक्षांचा टेम्पो येतो. भाच्याने टेम्पोवाल्याची उलटतपासणी घेतली. "थॉमसन आहे, सोनाका आहे, माणिक चमन आहे, काळी पायजेल तर शरद आहे," तो म्हणाला. "खाऊन बघा, साखर हाय साखर." थॉमसन सोडली तर यातली एकेक जात म्हणजे एखाद्या शेतकऱ्याच्या नजरेची कमाई. सोनाका आणि शरद सीडलेस या दोन्ही सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी आपल्या बागेत हेरलेल्या. तास-ए-गणेश सांगली जिल्ह्यातल्या बोरगावची, थॉमसनमधूनच निवडलेली. द्राक्षाची नवी जात उभी करणारी ही माणसं. यांच्या नावाने एखाद्या चौकाला बोर्ड लागायला हरकत नव्हती, पण आपण चौक वेगळ्या लोकांसाठी राखून ठेवतो.

भाच्याने एक मणी चावला, दुसरा चावला आणि मान हलवली. "यात बी कुठे आहे?"

टेम्पोवाला दुखावला. बी नसलेलं द्राक्ष पिकवण्यात घाटावरच्या दोन पिढ्यांची उमर गेली, आणि हा बी मागतो! पण वाईनचं गणित खरोखर उलटं असतं. तिला लहान मणी हवा, जाड साल हवी, आत बिया हव्यात. रंग सालीतून उतरतो, तुरटपणा साल आणि बियांतून. खायच्या द्राक्षाची साल पातळ, मणी टपोरा, बी गायब, आंबटपणा बेताचा. म्हणजे वाईनला जे जे पाहिजे ते ते आपण मोठ्या कष्टाने काढून टाकलं आहे. शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों, शेनिन ब्लांक ही मंडळी नाशिककडे आहेत, पण ती मळ्यातून थेट कारखान्यात जातात. रेवदंड्याच्या बाजारात टेम्पोतून उतरण्याएवढी खाली ती येत नाहीत. शेवटी आत्याने दोन किलो माणिक चमन घेतली आणि आम्ही ती खाल्ली. चांगली होती.

मग गावच्या फळांवर बैठक बसली. मेहुण्याचं मत जांभळाला. रंग आहे, तुरटपणा आहे, आणि मधुमेहाला चांगलं म्हणतात. भाच्याने हिशोब मांडला: लिटरभर रसातली सतराएक ग्रॅम साखर यीस्टने खाल्ली की एक टक्का अल्कोहोल होतं, बारा टक्क्यांसाठी लिटरला दोनशे ग्रॅमच्या वर साखर लागणार, आणि जांभळात तेवढी नाही, म्हणजे वरून घालावी लागणार. "मधुमेहासाठी?" आत्याने विचारलं. मेहुणा गप्प.

करवंदाला चीक. कोकम इतकं आंबट की त्यात यीस्टला पाऊल टाकवत नाही. पेरूचा गर तळाशी बसायलाच तयार नाही, वाईन शेवटपर्यंत गढूळ. काजूच्या बोंडाला घशात खवखव, शिवाय त्याचं जे करायचं ते गोवेकरांनी करून ठेवलं आहे आणि 2009 पासून काजूफेणीला भौगोलिक मानांकनही आहे. चिकूचं नाव निघालं तेव्हा भाच्याने सांगितलं की डहाणूकडे बोर्डीला चिकूची वाईन खरंच करतात. आत्याने हात जोडले, ते चिकूसाठी की वाईनसाठी ते कळलं नाही. जाम कोणी सुचवलाच नाही. त्याची वाईन केली तर महिनाभराने पुन्हा पाणीच हाती लागेल.

शेजारचे वाडीवाले काका इतका वेळ सुपारी कातरत बसले होते. ते म्हणाले, "अरे, माड सोडून फळं कसली धुंडाळता?" मुद्दा वजनदार होता. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी आमच्या शेजारच्या चौलला उतरला. या मुलखातले लोक नारळाची दारू करतात, हे त्याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवलं आहे. रेवदंड्यात त्याचं स्मारकही आहे. म्हणजे रशियातून आलेल्या माणसाने इथे कोण काय पितं ते लिहून ठेवलं आणि आपण त्याबद्दल त्याला स्तंभ उभारून दिला. जाणकाराच्या दाखल्याला मान देणं यालाच म्हणतात.

पण रेवदंड्याची खरी घरगुती वाईन विचाराल, तर ती इस्राएल आळीची. कोकणच्या या किनाऱ्यावर बेने इस्राएल ज्यू शतकानुशतकं राहिले. घाणा चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. भाषा मराठी, आडनावं गावांवरून, आणि सिनागॉगला ते 'मशीद' म्हणायचे. रेवदंड्यात ती आजही उभी आहे. शुक्रवारी संध्याकाळी किद्दुशची प्रार्थना द्राक्षरसावर म्हणायची असते. द्राक्ष तर इथे नाही. मग काळ्या मनुका पाण्यात भिजवायच्या, मऊ झाल्या की हाताने कुस्करायच्या, फडक्यातून पिळून घ्यायच्या, झालं सरबत. माझ्या लहानपणी आळीतल्या एका आजींनी मला वाटीभर दिलं होतं. गोड, किंचित तुरट, गडद. "आंबलं नाही ना?" मी विचारलं. "आंबायला वेळ कुठे देते मी," त्या म्हणाल्या. बहुतेक घरं पुढे इस्राएलला गेली. आता मोजकी राहिली आहेत.

यातली गंमत भाच्याच्या लक्षात आली नाही, माझ्या आली. ज्या घरांत द्राक्षरस धर्मानेच सांगितलेला, त्यांनी तो आंबू दिला नाही. आणि आमच्या घरात, जिथे वाईनचं नाव काढलं तर आत्या देवघराचं दार लोटून घेते, तिथे फडताळात औषधांच्या रांगेत द्राक्षासवाची बाटली पिढ्यान्‌पिढ्या उभी आहे. मनुकांचा काढा, गूळ, मसाले, वरून धायटीची फुलं; भांड्याला झाकण लावून कापडमाती करायची आणि महिनाभर हात लावायचा नाही. धायटीच्या फुलांबरोबर यीस्ट आत जातं आणि आपलं काम चोख करतं. बाटलीवर छापलेलंच असतं: स्वयंजनित अल्कोहोल पाच ते दहा टक्के. आत्याच्या वाचनात ते कधी आलं नाही, कारण ती फक्त 'भूक वाढवते' एवढंच वाचते.

राज्यातही जानेवारी 2022 मध्ये असाच घोळ झाला होता. मोठ्या दुकानांत वाईन विकू द्यायची असं मंत्रिमंडळाने ठरवलं आणि वाईन ही दारू की नव्हे यावर सगळा महाराष्ट्र भांडला. अट हजार चौरस फुटांच्या दुकानाची होती. मेहुणा आमच्या वाण्याकडे टेप घेऊन गेला होता. गोडाऊन धरूनही भरेना.

भाचा सुट्टी संपवून गेला तो पुढच्या खेपेला नाशिकची शिराझची बाटली घेऊन आला. विकत घेतलेली, पावतीसकट, माझ्या समाधानासाठी. आत्याने चष्मा लावून लेबल शेवटपर्यंत वाचलं.

"साडेतेरा टक्के?" ती म्हणाली. मग उठून फडताळातली द्राक्षासवाची बाटली आणली, ती उलटीसुलटी करून बारीक अक्षरांतही बघितली आणि थोडा वेळ काही बोलली नाही.

भाचा ग्लास फिरवत होता. "आजी, आधी वास घे. काळी मिरी येते की नाही बघ. याच्याबरोबर चीज..."

"जेवणाआधी की नंतर?" आत्याने विचारलं. उत्तराची वाट न बघता तिने दोन चमचे मोजून वाटीत घेतले, तेवढंच कोमट पाणी घातलं आणि एका दमात संपवलं.

"बरी आहे," ती तोंड पुसत म्हणाली. "पण धायटी कमी पडली. कळव त्यांना."