फोस्टरव्रत: विधी, वर्ज्यावर्ज्य आणि उद्यापन

हे व्रत बहुधा व्हॉट्सॲपवरून लागते. ग्रुपवर पार्किंगमधल्या कुत्र्याचा अंधुक फोटो येतो, खाली 'फक्त पंधरा दिवस कुणी सांभाळेल का?' अशी ओळ असते, आणि घरातले ज्याला पहाटे उठायची सवय नाही तेच माणूस 'हो' लिहून मोकळे होते. संकल्प झाला. व्रताचा काळ पंधरा दिवसांचा सांगितला असला, तरी प्राणिमित्रांच्या पंचांगात दर वर्षी अधिक महिना असतो, हे इच्छुकांनी ध्यानात ठेवावे.

प्रथम सोसायटी. सभेत बहुमताने ठराव करून पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही आणि भुंकणे हे बंदीचे कारण होत नाही, असे भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ साली परिपत्रक काढून सांगितले आहे. त्याची प्रत घडी घालून खिशात ठेवावी; पण सेक्रेटरी लिफ्टमध्ये भेटल्या भेटल्या ती बाहेर काढू नये. आधी चौथ्या मजल्यावरच्या काकूंना 'काकू, दोनच मिनिटं धरता का?' म्हणून पट्टा हातात द्यावा. पुढच्या सभेत बाजू काकू मांडतील, आणि परिपत्रकापेक्षा मोठ्या आवाजात मांडतील.

पिल्लू असेल तर ते साधारण आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईजवळ राहू द्यावे. आई धडधाकट समोर बसलेली असताना 'अनाथ पिल्लू' उचलून आणणारे पुण्यवान पुष्कळ असतात. त्यांना नम्रपणे परत पाठवावे. आई नसेलच, तर घरी आणल्याबरोबर गाईचे दूध आणि ग्लुकोज बिस्किटे पुढे ठेवू नयेत. ठेवल्यास रात्रभर फरशी पुसण्याचे उपव्रत आपोआप सुरू होते. सहा ते आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर आणि पार्व्होच्या लसी, मग त्यांचे बूस्टर, तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस. यात थट्टा नाही. पार्व्होचा विषाणू घरात कित्येक महिने टिकतो. त्या घरात लस न घेतलेले दुसरे पिल्लू आणू नये.

मोठा कुत्रा आला तर पहिल्या रात्री तो पलंगाखाली जाईल. त्याला बाहेर काढण्यासाठी झाडू वापरू नये आणि बघायला नातेवाईक बोलावू नयेत. जन्मभर हमरस्त्याची वाहतूक ओलांडलेला हा गडी गुळगुळीत फरशी, लिफ्ट आणि चटणीचा मिक्सर या तिन्हींना घाबरतो. रेस्क्यूवाल्यांचे सूत्र आहे: तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने. तीन दिवसांत भीती ओसरू लागते, तीन आठवड्यांत घराचे वेळापत्रक कळते, तीन महिन्यांत घर आपले वाटते. आता हिशेब करावा. कुकरच्या कितव्या शिट्टीला आपले ताट येते हे त्याला कळू लागते, नेमके तेव्हाच पंधरा दिवस संपतात. ही मुदत ठरवणाऱ्याने कुत्रा पाळला नसावा, किंवा माणसे चांगली ओळखली असावीत.

आहाराच्या बाबतीत कुत्र्याचा चातुर्मास बारमाही असतो. कांदा-लसूण पूर्ण वर्ज्य, कारण त्याने त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षे आणि मनुकाही वर्ज्य, म्हणजे सत्यनारायणाचा शिरा गेला. चॉकलेट नको, शिजवलेली हाडे नकोत. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा घरातल्या आजी रोज सांगतील आणि रोज वाटी काढतील. कथा ऐकावी, वाटी काढून घ्यावी.

आता उद्यापन. इथेच बहुतेकांचे व्रत मोडते. कुत्रा ठेवूनच घेतला की त्याला 'फोस्टर फेल' म्हणतात, आणि नापास होऊन पेढे वाटायची ही बहुधा एकमेव परीक्षा. फोटो टाकतात, दोनशे बदाम येतात. आनंद आहे, पण त्या घरात आता पुढच्या कुत्र्याला जागा नाही. दोन बेडरूमच्या फ्लॅटमधून वर्षाकाठी चार-पाच कुत्री मार्गी लागली असती, तिथे एक लोळतो आहे आणि बाकीची अजून पार्किंगमध्येच आहेत. म्हणून कठोर नियम असा की देऊन टाकावा.

देण्याआधी उमेदवार तपासावा. 'मुलाच्या वाढदिवसाला सरप्राइज द्यायचं आहे' म्हणणाऱ्याला पुढच्या वर्षी सायकल सुचवावी. 'फार्महाऊसवर राखणीला हवा' म्हणणाऱ्याला कुलूप सुचवावे. तिथे साखळी असते, घर नसते. बाल्कनीला जाळी आहे का, घर भाड्याचे असल्यास मालकाला विचारले का, दिवाळीत आणि गावाला जाताना काय करणार, नसबंदी करून घेणार का, हे सारे चहा यायच्या आत विचारावे. चहानंतर भीड पडते. बहुतेकांना पिल्लू हवे असते, तेही तांबूस आणि नर. काळी, मोठी आणि मादी अशी तिन्ही लक्षणे एकत्र आली की फोन येणे थांबते. मुलीच्या शिक्षणावर सुंदर बोलणारी सुशिक्षित माणसे 'पण मादी नको हो' हे कसे सहज म्हणतात, ते ऐकण्यासाठी तरी एकदा हे व्रत करावे. एका कानाला इंग्रजी व्ही-सारखी खाच असेल तर ती जखम नव्हे, नसबंदी झाल्याची खूण आहे. हे सांगितल्यावर काहींचा नकार विरघळतो.

भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांना महापालिकेकडे अर्ज करण्याची मुभा दिली, आणि दत्तक गेलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी अर्जदारावर टाकली. हे वाक्य उमेदवाराला मोठ्याने वाचून दाखवावे. जो 'बघू, नाही जमलं तर…' असे सुरू करेल, त्याचा चहा तिथेच थांबवावा.

पाठवणीच्या दिवशी त्याची जुनी चादर सोबत द्यावी, धुऊ नये. नव्या घरात तेवढाच ओळखीचा वास असतो. पहिल्या आठवड्यात त्या घरून रोज फोन येतील: जेवत नाही, सोफ्याखालून निघत नाही, चप्पल खाल्ली. तीन दिवसांचे सूत्र त्यांना शांतपणे सांगावे. मग एके दिवशी फोटो येईल, त्यात तो सोफ्याच्या वर असेल, पोट वर करून. उत्तरात अंगठा पाठवावा. 'वाळलाय' असे लिहू नये.