वाट पाहण्याचं पेटंट

जपानच्या नॅमको कंपनीचं कौतुक करावं तेवढं थोडंच. मोठा गेम लोड होईपर्यंत खेळणाऱ्याने हात चोळत का बसावं, म्हणून 'रिज रेसर'मध्ये त्यांनी 'गॅलेक्सियन' खेळायला दिला आणि त्या युक्तीचं अमेरिकेत पेटंट घेतलं. १९९८ ते २०१५! वेळ घालवायची कल्पना कुणीही उचलू लागला तर शोध लावायचे कुणी? बायोवेअर या गेम-कंपनीच्या गोल संवाद-मेनूवरही २०११ साली तिची मालक असलेल्या ईएला पेटंट मिळालं. उत्तरं गोलात मांडणं हे येरागबाळ्याचं काम नोहे.

आपला पेटंट कायदा मात्र मागासलेला. कलम ३(के) म्हणतं, नुसत्या संगणक-प्रोग्रॅमला पेटंट नाही. त्यामुळेच मुंबईच्या लोकलमधले आंबिवलीकर मोकाट सुटलेत. शहाड सुटलं, लोकल सिग्नलला अडकली, की मांड्यांवर बॅग आडवी टाकून रमीचा डाव पडतो. मुख्य प्रक्रिया खोळंबलेली असताना दुय्यम खेळ: सरळसरळ उल्लंघन. डावामागे रॉयल्टी लावावी. पानं गोलात वाटली तर ईएचा हिस्सा वेगळा.

नॅमकोची मुदत संपली आणि पाचच वर्षांत कन्सोलमध्ये एसएसडी आल्या. गेम आता बसल्या बसल्या सुरू होतो. त्या थोर शोधाला हक्काचं गिऱ्हाईक उरलंय ते फक्त संध्याकाळच्या कसारा लोकलमध्ये.