कमी वॅटची फुशारकी

परंड्याच्या भुईकोट किल्ल्यात एकेकाळी मुलूख-ए-मैदान तोफ होती. 1549 साली अहमदनगरात ओतलेली, वजन सुमारे 55 टन. 1632 च्या सुमारास आदिलशाहीने ती विजापूरला नेली. ती अजून तिथंच आहे. असा ऐवज सांभाळलेल्या गावात कुणी पाच वॅटची बढाई मारली, तर गाव आधी हसेल आणि मग विचारेल, मोबाइलचा चार्जर किती वॅटचा असतो?

पण अशी बढाई मारणारे जगभर आहेत. हॅम रेडिओच्या हौशी मंडळींतला हा एक कर्मठ पंथ, क्यूआरपीवाले. मोर्सवर पाच वॅटच्या वर जायचं नाही, तोंडी बोलताना दहाच्या वर नाही, असं त्यांचं सोवळं. बाजारात शंभर वॅटचे संच सर्रास मिळतात, तरी हे लोक बटण उलटं फिरवतात. एकजण सांगतो, पाच वॅटवर जपान गाठला. दुसरा शांतपणे विचारतो, "पाच? एवढे कशाला लागले?" तिसरा मिलिवॅटच्या वरचा हिशेबच ठेवत नाही.

1970 साली अलास्का आणि ओरेगॉनमधल्या दोघा हौशींनी तर कहर केला. दहा मीटरच्या बँडवर एक मायक्रोवॅट, म्हणजे वॅटचा दहा लाखावा भाग, आणि अंतर 1,650 मैल. वॅटला 165 कोटी मैल पडले. मोटारसायकलच्या ॲव्हरेजवर पारावर तासन्‌तास वाद घालणाऱ्यांनी हा आकडा ऐकून ठेवावा.

यात जादू नाही, गणित आहे. शक्ती चौपट घटवली की पलीकडच्या मीटरचा काटा जेमतेम एक घर उतरतो. शंभरावरून पाचावर आलं तरी दोन घरं आणि वर थोडं. बाकीची हमाली आयनांबर करतं. लहरी वर जातात, वाकून परत जमिनीवर येतात. त्याची मर्जी मात्र सूर्यावरच्या डागांवर चालते, आणि डाग कुणाच्या शब्दाखातर वाढत नाहीत.

या पंथाचं आपल्याकडचं दैवत हैदराबादला आहे. अश्हर फरहान यांनी बिटएक्स नावाचा संच रचला: चौदा मेगाहर्ट्‌झवर, सहाएक वॅटचा, साध्या दुकानात मिळणाऱ्या सुट्या भागांचा. परदेशी कोअर मिळेना, तर त्यातली एक कॉइल चक्क नळाच्या वॉशरवर गुंडाळायची सोय त्यांनी काढली. जगभरच्या हौशींनी तो बांधला. परंडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतं, त्या नात्याने या वॉशरवर थोडा हक्क सांगायला हरकत नसावी.

हा संच परंड्यात कुणी बांधला, तर पुढचं कठीण. आधी केंद्र सरकारची परीक्षा आणि परवाना. त्याशिवाय एक मिलिवॅटसुद्धा हवेत सोडता येत नाही. मग गच्चीवर तार. चौदा मेगाहर्ट्‌झसाठी ती साधारण दहा मीटर लागते, दोन्हीकडे पाच-पाच. एवढी तार दिसली की शेजारचे मामा खालून हाक देणारच: "काय वो, आकडा टाकलाय का काय?" त्यांना पाच वॅटचं सांगून पटत नाही, एवढ्या विजेसाठी कुणी आकडा टाकेल हेही पटत नाही, आणि एवढ्या विजेत जपान ऐकू जाईल हे तर मुळीच नाही. शिवाय त्यांच्याच घरातला स्वस्त एलईडी बल्ब बँडभर खरखर ओततो, ते सांगायची चोरी.

खरी फजिती पलीकडच्याची. पाच वॅटवाला निवांत बटण दाबतो. घाम फोडून ऐकायचं काम दुसऱ्याचं. दूरदेशी कुणीतरी हेडफोन कानाशी दाबून, पंखा बंद करून, घरच्यांना गप्प बसवून ती कुजबुज वेचत असतो. कौतुक मात्र कुजबुजणाऱ्याचं होतं, हा या छंदातला उघड अन्याय आहे.

त्यातून हॅम मंडळींची रीतभात. स्पर्धेत भेटणाऱ्या प्रत्येकाला सिग्नलचे पैकीच्या पैकी गुण द्यायचे, 599. ऐकू येवो न येवो. त्यामुळे पलीकडून मोर्समध्ये उत्तर येतं: सिग्नल उत्तम, 599, अगदी खणखणीत. कॉलसाइन काय म्हणालात? पुन्हा सांगा. पुन्हा. फक्त शेवटचं अक्षर, पुन्हा एकदा.