मिठाच्या दिव्याची यथासांग स्थापना

प्रथम यजमानांनी दिवा निवडावा. गुलाबी-केशरी, दोन-तीन किलोंचा, ओबडधोबड खडा उत्तम. खोक्यावर हिमालयाचं चित्र हवंच. हे मीठ निघतं पाकिस्तानी पंजाबातल्या झेलम जिल्ह्यातल्या खेवडा खाणीतून, आणि तो रंग लोहाच्या संयुगांचा. पण 'झेलम जिल्ह्याचा दिवा' म्हटल्यावर मनःशांती लाभत नाही. उपासाच्या खिचडीत पडणारं शेंदेलोण याच घराण्यातलं. पोटात बल्ब बसल्यावर त्याचा भाव वधारतो, एवढंच. पुलवामा हल्ल्यानंतर 2019 साली भारताने पाकिस्तानी मालावर 200 टक्के आयातशुल्क लावलं आणि मे 2025 मध्ये आयातच बंद केली. तेव्हा दुकानदाराला खड्याचं मूळ गाव विचारून अवघडून टाकू नये.

बल्ब 15 वॉटचा, जुन्या धाटणीचा, तापणारा. वीज वाचवणारे यजमान इथे हमखास चुकतात. ते एलईडी लावतात. एलईडी उजेड देतो पण ऊब देत नाही, आणि दिव्याचा सारा संसार त्या उबेवर चालतो. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. मुंबईत जुलैत ती बहुतेक वेळ त्याहून वरच असते. मग दिव्याला पाणी सुटतं, ते टेबलावर ओघळतं, पॉलिश पांढरं पडतं आणि घरात 'हे कोणी सांडलं?' यावरून चौकशी बसते. खडा कोरडा राहावा म्हणून बल्ब अहोरात्र जळता ठेवला, तर महिन्याला सुमारे 11 युनिटं जातात. म्हणजे पावसाळ्यात दिवा घराची सेवा करतो की घर दिव्याची, हे बिल आल्यावर ठरवावं.

आता हवाशुद्धी. माहितीपत्रक सांगतं की तापलेलं मीठ ऋण आयन सोडतं. मीठ वितळायला 801 अंश सेल्सिअस लागतात. दिव्याला हात लावला तर जेमतेम कोमट लागतो. एवढ्या उबेत मीठ आपले आयन घट्ट धरून बसतं. दुसरा दावा असा की दिवा बाष्पासोबत धूळही ओढून घेतो. बाष्प येतं खरं, पण ऊब लागताच परत हवेत जातं. धूळ खड्यावर बसते, तशी ती कपाटावरही बसते आणि कपाटाला कोणी शुद्धियंत्र म्हणत नाही.

तरीही विधी पूर्ण करायचा असल्यास दिव्याशेजारी मच्छर अगरबत्ती लावू नये. मलेशियातल्या आणि चीनमधल्या अगरबत्त्या तपासणाऱ्या 2003 सालच्या एका अभ्यासात, एक पूर्ण जळली की 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते असं आढळलं होतं. ती विझवून मच्छरदाणी लावली आणि स्वयंपाक करताना एक्झॉस्ट चालू ठेवला, तर हवेत फरक पडतो. त्याचं श्रेय खुशाल दिव्याला द्यावं. तो नाही म्हणणार नाही.

उजेडाबाबत मात्र दिव्यावर अन्याय नको. त्याच्यापुढे पेपर वाचता येत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही. पण रात्री पाण्याला उठलेल्या माणसाला पलंगाचा कोपरा दिसतो आणि डोळ्यांवर पांढरा झोत येत नाही. त्या तांबूस प्रकाशात निळा भाग कमी असतो, त्यामुळे झोप फारशी मोडत नाही. झिरोच्या बल्बचं हे काम तो झोकात करतो.

मांजर असल्यास दिवा उंचावर ठेवावा. चाटायची चटक लागली तर शरीरात सोडियम वाढून त्याच्या जिवावर बेतू शकतं. प्लग आणि उजेड कमी-जास्त करणारी कळही अधूनमधून चाचपावी. त्या तापून पेट घेऊ शकतात म्हणून अमेरिकेत 2017 साली सुमारे 80 हजार दिवे परत मागवले गेले होते. ओघळ वायरवर दिसताच प्लग काढावा, खडा पुसून सुकवावा, प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून माळ्यावर टाकावा आणि पिशवीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहावं. नाहीतर गणपतीत मखर काढायला चढलेला मुलगा त्यावर पाय देतो.