इंडी रोड

डिसेंबर लागला की मी सरत्या वर्षाची डायरी काढतो. पुढची पानं दूध आणि इस्त्रीच्या हिशेबाने भरलेली असतात, मागची कोरी. त्या कोऱ्या पानांवर वर्षभरात सापडलेल्या संगीताची यादी करायची, हा माझा पंधरा वर्षांचा कुळाचार. एखादी संकष्टी विसरेन, यादी विसरत नाही.

यंदा मथळा घालून झाला आणि आई चष्मा पुसत शेजारी येऊन बसली. मथळा होता, 'इंडी रॉक आणि इलेक्ट्रॉनिक'.

"इंडी?" आईचा चेहरा एकदम उजळला. तिचं माहेर सोलापूरचं. "अरे, विजापूरला जाताना इंडी रोड स्टेशन लागतं. लिंबं फार रसाळ तिथली."

मी समजावलं की ही इंडी म्हणजे 'इंडिपेंडंट'. मोठ्या कंपनीच्या दारात उभं न राहता आपली गाणी आपणच काढायची. मँचेस्टरच्या बझकॉक्स नावाच्या पोरांनी 1977 मध्ये घरच्यांकडून, मित्रांकडून पाचेकशे पौंड उसने घेतले आणि स्वतःची तबकडी काढली. तिथून ही वाट रुळली.

"म्हणजे आपल्याकडे स्वखर्चाने काव्यसंग्रह काढतात तसं," आई म्हणाली.

इतकी नेमकी व्याख्या मी कुठल्याही इंग्रजी मासिकात वाचलेली नाही.

"उरलेल्या प्रती कॉटखाली ठेवल्या असतील."

"नाही, खपल्या त्यांच्या."

"मग नाही तसं," ती म्हणाली.

एवढ्यात लेकीने डायरी ओढून घेतली. "बाबा, यात यंदाचं काय आहे? हे 1991 चं, हे 2007 चं, हे 1982 चं. आणि हे 1969?" मी म्हटलं, शोध यंदाचा आहे, माल जुना आहे. तिने ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने माणसं मुदत संपलेल्या औषधाच्या बाटलीकडे पाहतात.

तिची यादी ताजी असते. वेट लेग नावाचा बँड तिनेच ऐकवला. ओला पाय! आईने लगेच विचारलं, पायपुसणं कुठे गेलं. दुसरा 'ब्लॅक कंट्री, न्यू रोड'; हे नाव वाचून मला वाटलं, लेकीने कुरिअरचा पत्ता पाठवलाय. तिसरा ऑस्ट्रेलियाचा किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड. या मंडळींनी 2017 या एका वर्षात पाच अल्बम काढले, पाचवा तर 31 डिसेंबरला. आमच्या सोसायटीची वार्षिक सभाही त्याच सुमारास होते, पण तिथे वर्षाकाठी एक ठराव निघाला तरी पेढे वाटतात. मला ते पाच अल्बम ऐकून संपवता संपवता तीन वर्षं लागली. दरम्यान त्यांनी आणखी किती काढले ते मोजायचं मी सोडून दिलं.

माझा पिंड उलट्या लोकांचा आहे. डब्लिनच्या माय ब्लडी व्हॅलेंटाइनने 1991 मध्ये 'लव्हलेस' काढला आणि पुढचा अल्बम 2013 मध्ये. मध्ये एकवीस वर्षं! तेवढ्यात मी लग्न केलं, कर्ज काढलं आणि फेडलं. त्यांचा केव्हिन शील्ड्स गिटार वाजवताना तिच्या पुलाची दांडी हातात धरून सतत हलकीशी दाबत राहतो, त्यामुळे सूर जागच्या जागी वितळतो. या प्रकाराला 'शूगेझ' म्हणतात, कारण वाजवणारे पायाखालची पेडलं पाहत मान खाली घालून उभे असतात. अशी मान मी मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमातच पाहिली होती. 'लव्हलेस' पहिल्यांदा लावला तेव्हा स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "अरे, कॅसेट खातोय तो टेप! बंद कर आणि पेन्सिल घालून फिरव." घरात टेप नाही याला बारा वर्षं झाली, पण निदान अचूक होतं. 'लव्हलेस' हा उन्हात राहिलेल्या अतिसुंदर कॅसेटचाच आवाज आहे.

दुसरा घोटाळा बरियलमुळे झाला. लंडनचा हा गडी. त्याचा 'अनट्रू' 2007 चा. त्याच्या संगीतात रात्रीचं शहर असतं, लांबून येणारा कुणाचा तरी तुटका गळा, तबकडीची खरखर आणि पाऊस. मी स्पीकरवर लावला आणि बायको हातातली पोळी तव्यावर टाकून गॅलरीत धावली, वाळत घातलेले कपडे काढायला. बाहेर लख्ख ऊन. परत येऊन ती काहीच बोलली नाही. पोळी मात्र मला वाढली, ती करपलेली. हा बरियल कोण, हे सुरुवातीची काही वर्षं जगाला ठाऊक नव्हतं. 2008 मध्ये त्याने स्वतःच नाव सांगितलं. कोथरूडला राहत असता तर दुसऱ्या दिवशी वॉचमनने सांगितलं असतं, गोत्रासकट.

आता खरी गोष्ट. यादीतला पहिला नंबर 1982 चा आहे आणि तो मुंबईचा आहे. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे कलाकार. त्यांच्याकडे रोलँड या जपानी कंपनीची तीन नवीकोरी यंत्रं होती; त्यातलं एक ठेका धरणारं, टीआर-808. दुसरं टीबी-303 हे छोटं यंत्र मुळात एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून काढलेलं. पण त्याचा आवाज बेससारखा सोडून बाकी सगळ्यासारखा निघाला. 1984 मध्ये ते बनवणंच थांबलं. मग ती यंत्रं जुन्या बाजारात स्वस्तात गेली, शिकागोच्या फ्यूचर या मंडळींच्या हाती लागली, त्यांनी बटणं हवी तशी पिळली आणि 1987 मध्ये 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' बाहेर पडलं. अ‍ॅसिड हाउसचा जन्म तो, असं सगळे सांगतात.

आणि त्याच्या पाच वर्षं आधी आमच्या सिंगसाहेबांनी तेच यंत्र घेऊन, डिस्कोच्या ठेक्यावर, दहा राग वाजवून ठेवले होते! 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट'. तबकडी काही खपली नाही. कोणाला सांगायची तरी कशी? शास्त्रीयवाले डिस्को ऐकून उठले असते, डिस्कोवाले तोडी ऐकून. पुढे एका डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली, त्याने 2010 मध्ये ती पुन्हा काढली, आणि म्हातारपणी सिंगसाहेबांना परदेशांतून बोलावणी आली. 2015 मध्ये ते मुंबईतच गेले.

मी रात्री अकराला पहिला राग लावला. आई उठून आली. मला वाटलं, आता ढणढणाटाबद्दल ऐकून घ्यावं लागणार.

"रात्री अकराला भैरव?" ती म्हणाली. "काही रीतभात आहे की नाही?"

"आई, हे डिस्को आहे."

"असेल. ऋषभ कोमल आहे, धैवत कोमल आहे. सकाळी लाव." मग जराशी थांबली. "तबलजी कोण रे? एक मात्रा इकडची तिकडे होत नाही."

"जपानी आहे."

"नाव?"

"आठशे आठ."

"घराण्यात नावांऐवजी आकडे देतात की काय," म्हणत ती झोपायला गेली.

यादीतला 1969 म्हणजे अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेतला मूग सिंथेसायझर. त्यावर तिथल्या लोकांनी केलेल्या ध्वनिफिती कपाटात पडून होत्या. 2023 मध्ये त्यांचा अल्बम निघाला. ऐकायला तो अवघड आहे, खोटं कशाला बोलू. आईने पंधरा सेकंदांत फ्रिज बिघडल्याचं जाहीर केलं आणि या वेळी मला तिचं म्हणणं खोडता आलं नाही. लेकीच्या मते मी दरवर्षी दहा-बारा वर्षं मागे सरकतोय आणि लवकरच यादीत शंख आणि तुतारी येतील.

सध्या आमच्याकडे सकाळी सहाला 303 आणि 808 वर भैरव लागतो. आई पंचमाला धरून गुणगुणते, दूधवाला ठेक्यात बेल वाजवतो.

तुमच्या माळ्यावर काकांच्या जुन्या तबकड्या असतील तर रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा नावं वाचा. रागाचं नाव आणि 'डिस्को' हा शब्द एकाच पाकिटावर दिसला, तर ती तबकडी विकू नका. मला कळवा. मी लगेच येतो, माझ्याकडे तबकडी वाजवायचं यंत्र नाही, तुमच्याकडे असेल तर बरं.